शेतातली वाट, सगळ्यांची वहिवाट

फाटकाशी पोहोचल्यावर आजी थबकल्या. पुढे हिरवेगार कुरण, त्यात वीस-पंचवीस मेंढ्या, त्यांच्या अवतीभवती उड्या मारणारी कोकरे आणि पार टोकाला शेतकऱ्याचे दगडी घर. कुरणाभोवती कंबरभर उंचीचा दगडी बांध. फाटकाला कडी लावलेली.

“अगं, हे कुणाचं तरी रान आहे,” आजी लेकीला म्हणाल्या. “बांध घातलाय, फाटक लावलंय. असं खुशाल कसं आत शिरायचं? कुणी ओरडलं म्हणजे?”

लेक हसली. फाटकाशेजारच्या लाकडी खांबावर एक लहानसा पिवळा बाण होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “आई, रान शेतकऱ्याचंच आहे. पण वाट सगळ्यांची आहे. चल तू.”

आजींचे निम्मे आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलेले. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शेफिल्डला लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्यापासून त्यांना इथल्या पुष्कळ गोष्टींचे नवल वाटले. दुकानातली शिस्त, रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड, दिवसातून चार वेळा बदलणारे हवामान, सगळेच नवीन. पण परक्याच्या शेतातून, तो समोर उभा असताना, त्याला हात करून निघून जायचे, ही गोष्ट काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

मे-जूनमध्ये मुलाबाळांकडे विलायतेला जाणारी मराठी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत. लंडनचा राजवाडा, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि टेम्सवरचा पूल एवढे पाहिले की यादी संपते. मग उरलेले दोन-अडीच महिने घरात बसून नातवंडे सांभाळायची आणि खिडकीतून पाऊस बघायचा. खरे तर इंग्लंड पाहायचे तर ते खेड्याच्या वाटेवर, पायी, पोराबाळांसह पाहावे. त्यासाठी तिकीट नाही आणि गिर्यारोहकाचे कसबही लागत नाही. अशाच एका गावाची आणि त्याच्या भोवतालच्या तीन वाटांची ही ओळख.

डोंगराच्या कुशीतले गाव

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन कारखानदारी शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो घोषित झाला. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ आणि जीपगाड्या येतात. इथे तसे काही नाही. इथे माणसे राहतात, शेती करतात, मेंढ्या पाळतात. उद्यान याचा अर्थ एवढाच, की या मुलखाचे रूप बिघडू द्यायचे नाही आणि त्याचा आनंद सर्वांना घेऊ द्यायचा.

या मुलखाच्या उत्तरेला डर्बीशायर परगण्यात कॅसलटन हे गाव आहे. करड्या दगडांची घरे, अरुंद गल्ल्या, मधोमध चर्च, चार-सहा चहाची दुकाने आणि गावावर नजर ठेवून बसलेला पेव्हरिल किल्ला. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर विल्यम पेव्हरिल या सरदाराने तो बांधला. आज दिसणारा चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्री राजाने ११७६ च्या सुमारास उभारला.

गावाचे भाग्य असे, की दोन प्रकारचे डोंगर इथे एकमेकांना भेटतात. दक्षिणेला पांढऱ्या चुनखडीचे, गुहांनी पोखरलेले, तर उत्तरेला काळपट वालुकाश्माचे, माथ्यावर दलदल असलेले. त्यामुळे दोन-तीन मैलांच्या आत ओढा, घळ, गुहा, कुरण, डोंगरमाथा असे सगळे हाताशी येते. लहान मुलांना एकच देखावा तासभर पुरत नाही. कॅसलटनच्या वाटांवर दर दहा मिनिटांनी काही तरी नवे समोर येते.

पहिली वाट : ओढ्याच्या काठाने

शेफिल्डहून मँचेस्टरकडे जाणारी रेल्वे पकडली की अर्ध्या तासात होप नावाचे स्टेशन येते. होप म्हणजे आशा, असा अर्थ नातवाने आजींना लगेच सांगून टाकला. पण गावाच्या नावातला हा शब्द जुना, डोंगरांनी वेढलेल्या दरीसाठी वापरला जाणारा. स्टेशनवरून होप गावात यायचे आणि तिथून शेतांतून कॅसलटनची वाट धरायची. अंतर जेमतेम चार किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. आजी जिथे थबकल्या ते फाटक याच वाटेवरचे.

वाटेच्या सोबतीला पीक्सहोल वॉटर नावाचा ओढा असतो. तो कॅसलटनच्या गुहेतून बाहेर पडतो आणि खळाळत होपकडे येतो. मे महिन्यात काठावर पांढऱ्या फुलांनी डवरलेली हॉथॉर्नची काटेरी झुडपे दिसतात. एका ठिकाणी रेल्वेचा एकेरी फाटा ओलांडावा लागतो. तो जवळच्या सिमेंट कारखान्याकडे जातो. कारखान्याचे उंच धुराडे साऱ्या दरीतून दिसते. चित्रातल्यासारख्या देखाव्यात ते खुपते खरे, पण कारखाना १९२९ पासून तिथे आहे आणि आजूबाजूच्या घरांच्या चुली त्यावर पेटल्या आहेत.

मुलांना सर्वांत मौज वाटते ती फाटकांची. कुठे दगडी बांधातूनच बाहेर काढलेल्या पायऱ्या असतात, त्यांवरून चढून पलीकडे उतरायचे. कुठे अर्धगोल कठड्यात झुलणारे फाटक असते. माणूस आत शिरतो, फाटक पुढे ढकलतो आणि अलगद पलीकडे निघतो. गाईला मात्र ते जमत नाही. सहा वर्षांच्या नातीने त्यातून चार वेळा ये-जा केली आणि पाचव्या वेळी आजींनाही ओढले. साडीवर लेकीचे बूट आणि अंगात स्वेटर अशा थाटात आजी त्या फाटकातून पार झाल्या, तेव्हा समोरून येणाऱ्या एका वृद्ध जोडप्याने थांबून वाट दिली आणि हसून ‘मॉर्निंग’ म्हटले. शहरात शेजाऱ्याकडे न पाहणारे लोक पायवाटेवर अनोळखी माणसालाही नमस्कार करतात, हे आजींच्या त्या दिवशी ध्यानात आले.

या वाटेवर बाबागाडी मात्र नेऊ नये. पायऱ्यांचे फाटक आले की गाडी उचलून न्यावी लागते. तान्हे मूल असेल तर ते पाठीवरच्या झोळीत घ्यावे.

दुसरी वाट : किल्ल्याखालची घळ

पुढच्या रविवारी मंडळी बसने थेट कॅसलटनला उतरली. गावातूनच ओढ्याच्या काठाने वर गेले की पीक कॅव्हर्न नावाच्या गुहेचे अजस्र तोंड समोर येते. या तोंडाशी, छताखालीच, दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. सुमारे चारशे वर्षे इथे दोर वळले गेले. त्यांच्या चुलींच्या धुराने काळवंडलेले छत आजही पाहायला मिळते. गुहा पाहायला तिकीट आहे. ज्यांना ते नको, त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या केव्ह डेल या घळीची वाट धरावी.

घरांच्या मागे दोन कड्यांच्या मधली अरुंद फट दिसते. त्यातून आत शिरले की घळ एकदम उघडते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, पायाखाली गवत आणि गोटे, आणि मान वर केली की थेट डोक्यावर किल्ल्याचा बुरूज. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्याने कोरलेली ही दरी आज कोरडी आहे. पाणी चुनखडीत झिरपून जमिनीखाली गेले. मुलांनी इथे हवी तेवढी लपाछपी खेळावी. मात्र पाऊस पडून गेला असेल तर जपून. हजारो पावलांनी घासलेली चुनखडी ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. उतरताना मुलांचा हात सोडू नये.

घळीत अर्धा-पाऊण तास वर चालले की उघड्या कुरणांवर येऊन पोहोचतो. या भागात एकेकाळी शिशाच्या खाणी होत्या, जुने खड्डे अजून आहेत. म्हणून वाट सोडून भटकणे नको. इथल्याच डोंगरात ब्लू जॉन नावाचा निळा-जांभळा, पिवळसर रेघांचा दगड सापडतो. त्याचे दागिने गावातल्या दुकानांत मिळतात. किंमत विचारून आजींनी तो जागच्या जागी ठेवला.

योगायोगाने त्याच आठवड्यात २९ मे होता. त्या दिवशी कॅसलटनमध्ये ‘गार्लंड डे’ साजरा होतो. घोड्यावर बसलेल्या ‘राजा’च्या डोक्यावरून कंबरेपर्यंत फुलांची प्रचंड घंटेसारखी रास चढवतात. मागून बँड आणि पांढऱ्या पोशाखातली नाचणारी मुले. शेवटी ती रास दोराने चर्चच्या मनोऱ्यावर खेचून नेतात. फुलांत बुडालेला तो राजा पाहून आजींना गावाकडच्या जत्रेतल्या पालखीची आठवण झाली नसती तरच नवल!

तिसरी वाट : आई डोंगर

कॅसलटनच्या पश्चिमेला मॅम टॉर नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ ‘आई डोंगर’ असा सांगतात. त्याची गावाकडची बाजू सतत ढासळते आणि त्या मातीतून पायथ्याशी लहान लहान टेकड्या जन्माला येतात, म्हणून ती आई. ‘थरथरणारा डोंगर’ असेही त्याचे दुसरे नाव आहे.

त्याची उंची ५१७ मीटर. हा आकडा ऐकून पुणे-इंदूरची मंडळी हसतील, कारण ती दोन्ही शहरेच समुद्रसपाटीपासून याहून उंचावर आहेत! पण माथ्यावरचा वारा अंगावर आला की हसू मावळते. जूनमध्येही कानटोपी बरोबर असलेली बरी.

मुले अगदी लहान असतील तर डोंगराच्या मागच्या खिंडीपर्यंत गाडीने जाता येते. तिथून फरसबंद पायऱ्यांनी वीस मिनिटांत माथा. लाखो पावलांनी डोंगराची माती झिजू लागली, म्हणून नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही फरसबंदी केली. माथ्याभोवती तटासारखे उंचवटे दिसतात. ते इसवीसनापूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत.

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांनी मात्र कॅसलटनपासून चालतच निघावे. आधी होलिन्स क्रॉस ही खिंड, मग डाव्या हाताला वळून डोंगराच्या धारेवरून मॅम टॉर आणि उतरताना जुना मोडका रस्ता. हा फेरा सुमारे ८-९ किलोमीटरचा आहे. खाणेपिणे धरून चार-पाच तास लागतात.

त्या मोडक्या रस्त्याची कथा मुलांना फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅम टॉरच्या पोटावरून मोटा रस्ता काढला गेला. डोंगर सरकायचा, रस्ता मोडायचा, माणसे दुरुस्त करायची. दीड शतकाहून अधिक काळ हा झगडा चालला. अखेर १९७९ साली माणसांनी हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. आज तिथे डांबराचे थर मोडलेल्या पोळीसारखे एकमेकांवर चढलेले दिसतात. मधली पांढरी रेघ सरळ जाता जाता हवेत संपते. गाड्या आता शेजारच्या विनॅट्स पास या अरुंद खिंडीतून जातात. तिथे पादचाऱ्यांसाठी वेगळा पदपथ नाही. मुलांना घेऊन त्या रस्त्याच्या कडेने चालू नये.

आजी होलिन्स क्रॉसपर्यंत आल्या आणि तिथल्या दगडी चौथऱ्याशी विसावल्या. दोन दऱ्यांच्या मधली ही खिंड. एका बाजूला कॅसलटन, दुसऱ्या बाजूला एडेल. पलीकडच्या एडेलला १६३३ पर्यंत स्वतःचे प्रार्थनाघर नव्हते. तोवर तिथले लोक मयताच्या पेट्या खांद्यावर घेऊन ही खिंड चढत आणि कॅसलटनच्या चर्चकडे उतरत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस एडेलला कापडाची गिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बायका-मुली रोज हाच डोंगर ओलांडून कामाला जात. ऊन असो की बर्फ असो.

“म्हणजे ही काही हौसेची वाट नव्हे,” आजी म्हणाल्या. “पोटापाण्याची वाट आहे ही.”

आणि सगळी गोम तिथेच होती.

पलीकडचे पठार

होलिन्स क्रॉसवरून उत्तरेला पाहिले की एडेलच्या दरीपलीकडे एक लांबच लांब काळसर पठार दिसते. त्याचे नाव किंडर स्काऊट. आज तिथे कोणीही जाऊ शकतो. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जाता येत नव्हते.

असली माळराने एकेकाळी आपल्याकडच्या गायरानासारखी होती. गावकरी तिथे जनावरे चारत, सरपण आणत. पुढे कायदे करून ती कुंपणांत घातली गेली आणि बड्या जमीनदारांच्या मालकीची झाली. किंडरवर ग्राऊस नावाच्या पक्ष्यांची शिकार चाले. वर्षातले थोडेच दिवस बंदुका वाजत, पण उरलेले सारे वर्ष पहारेकरी कोणाला फिरकू देत नसत. पायथ्याशी मँचेस्टर आणि शेफिल्ड होते. आठवडाभर धुरात आणि यंत्रांच्या खडखडाटात राबणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असे. डोंगर दिसे, पण चढता येत नसे.

रविवार, २४ एप्रिल १९३२. किंडरच्या पश्चिमेला असलेल्या हेफील्ड गावाजवळच्या एका जुन्या खाणीत सुमारे चारशे तरुण कामगार जमले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. सगळे उघडपणे, गाणी म्हणत, बंदी असलेल्या डोंगरावर चढले. पहारेकऱ्यांशी झटापट झाली. शेफिल्डकडून निघालेली दुसरी तुकडी एडेलच्या बाजूने येऊन वर भेटली. परतताना पोलिसांनी काहींना पकडले. खटला चालला आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने मिळाले. गंमत अशी, की नुसते दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणे हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. शिक्षा झाली ती दंग्याच्या आणि मारहाणीच्या आरोपांवरून.

त्या शिक्षेने लोक हळहळले. असल्या घुसखोरीला ज्यांचा विरोध होता, तेही आता कैद्यांच्या बाजूने बोलू लागले. एकट्या त्या दिवसाने कायदा बदलला असे नव्हे. त्याआधीपासून कित्येक वर्षे चालणाऱ्यांच्या संघटना अर्ज-विनंत्या करत होत्या, विनॅट्सच्या खिंडीत सभा भरवत होत्या. शेफिल्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० सालीच कामगारांचा भटकंती संघ काढला होता. १९४५ मध्ये चालणाऱ्यांनी लूज हिल या टेकडीच्या माथ्यावरची जमीन त्यांना भेट दिली आणि त्यांनी ती लगेच नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. होलिन्स क्रॉसवरून उजवीकडे चालत गेले की याच टेकडीवर पोहोचता येते.

या साऱ्याचे फळ १९४९ च्या कायद्याने मिळाले. राष्ट्रीय उद्याने आली आणि प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करण्याचे बंधन आले. १९६५ मध्ये एडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत ४३१ किलोमीटरची पेनाईन वे ही लांब पायवाट खुली झाली. १९८२ मध्ये किंडर नॅशनल ट्रस्टकडे आले. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि गायराने अशा इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूमीवर वाट सोडूनही पायी हिंडण्याचा हक्क दिला. आणि २००२ च्या एप्रिलमध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने हेफील्डला येऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. किंडर त्या आजोबांच्या मालकीचे होते. बेनी रॉथमन मात्र ती माफी ऐकायला नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

चालले म्हणून वाट

इंग्लंड आणि वेल्समध्ये आज अशा सार्वजनिक वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. जमीन ज्याची त्याची, वाट सर्वांची. शेतकऱ्याने शेत नांगरले तर वाट पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांच्या आत पूर्ववत करून द्यावी लागते. फाटकाला कुलूप घालता येत नाही. ज्या शेतातून वाट जाते तिथे दुभत्या जातीचा मोठा वळू मोकळा सोडता येत नाही.

पण सगळ्यांत बोलके कलम आहे ते वाट जन्माला कशी येते याचे. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे सलग, उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि कोणी न अडवता चालत राहिले, तर कायदा ती सार्वजनिक वाट मानू शकतो. मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे! वहिवाट. आपल्याकडच्या १८८२ च्या कायद्यातही शेताकडे जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी वीस वर्षांची वहिवाट लागते. फरक इतकाच, की आपल्याकडे या कलमाचा आधार बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात घेतला जातो. तिथे ते साऱ्या गावाच्या, किंबहुना परगावाहून आलेल्या आजींच्याही उपयोगी पडते.

तरीही सगळे आलबेल आहे असे नाही. नकाशात नोंदलेल्या वाटेचा हक्क कोणी चालले नाही म्हणून बुडत नाही. पण तिच्यावर खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलची झुडपे माजतात, पायऱ्या मोडतात, खुणेचा खांब पडतो आणि हळूहळू लोक तिला विसरतात. नोंद न झालेल्या जुन्या वाटांचे तर आणखी कठीण. रॅम्बलर्स या संघटनेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे चाळून २०२० मध्ये नकाशातून सुटलेल्या ४९ हजार मैलांहून अधिक वाटा शोधून काढल्या. २००० च्या कायद्याने अशा वाटा नोंदवायला १ जानेवारी २०२६ ची मुदत घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत लांबवली गेली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने इंग्लंडसाठी ही मुदतच रद्द करण्याचे जाहीर केले, तेव्हा चालणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

वाट कोणाची, हा प्रश्न आणखी एका तऱ्हेने पुढे येतो. २०२१ च्या नाताळच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला गेलेल्या मुस्लिम कुटुंबांच्या आणि तरुणांच्या एका गटाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यावर वर्णद्वेषी शेरे मारले गेले. इंग्लंडच्या शहरांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वंशाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण पायवाटेवर ती अजून थोडी दिसतात. कुठे गाडी नसते, कुठे वाटा ठाऊक नसतात आणि कुठे ‘आपल्याला तिथे कोण विचारणार’ ही भीती आड येते. कायदा मात्र कातडीचा रंग किंवा पासपोर्ट विचारत नाही. पिवळा बाण ज्याला दिसला, त्याची वाट.

फाटक लावून घ्यावे

हक्क म्हटला की जबाबदारी आलीच. शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. उघडे राहिलेल्या फाटकातून जनावरे रस्त्यावर येतात. मोकळे सोडलेले कुत्रे गाभण मेंढ्यांना पळवतात. सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांमुळे गावकऱ्यांना घरातून बाहेर पडणे मुश्कील होते. म्हणून शक्य तर रेल्वे-बसने जावे. फाटक जसे सापडले तसे ठेवावे, लावलेले असेल तर लावावे. कचरा घरी परत आणावा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, लांबून वळसा घ्यावा. कोकरू कितीही गोजिरवाणे असले तरी उचलू नये.

लेकीने ही सगळी नियमावली मुलांना आधीच पाठ करून घेतली होती. म्हणून होलिन्स क्रॉसच्या चौथऱ्यावर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे खाऊन झाल्यावर अकरा वर्षांचा नातू न सांगता कागद गोळा करू लागला. पुऱ्यांच्या वासाने शेजारी बसलेल्या एका बाईंनी कुतूहलाने पाहिले. आजींनी डबा पुढे केला. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण दुसरी पुरी घ्यायला त्या बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

परतीच्या आदल्या आठवड्यात आजींनी आपण होऊन विषय काढला, “होपची ती ओढ्याकाठची वाट पुन्हा एकदा करू या.” मंडळी निघाली. त्याच फाटकापाशी आली. या वेळी आजी पुढे होत्या. कुरणात शेतकरी कुंपणाची तार ओढत उभा होता. त्याने हात वर केला, आजींनीही केला. सगळे पार झाल्यावर त्यांनी मागे वळून फाटक ओढले, कडी नीट बसली का ते हलवून पाहिले आणि नातीला म्हणाल्या, “मोठी झालीस की तुझ्या मुलांना घेऊन ये हो इथून. वाट मोडू देऊ नका.”

जाण्यापूर्वी

कधी जावे : मे ते सप्टेंबर. कोकरे पाहायची तर एप्रिल-मे. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो.

कसे जावे : शेफिल्ड-मँचेस्टर रेल्वेवर होप आणि एडेल ही स्टेशने आहेत. शेफिल्डहून कॅसलटनला बसही जाते. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी.

बरोबर काय घ्यावे : पकड असलेले बूट, पाऊस अडवणारे जाकीट, कोरडे मोजे, पाणी, खाऊ. ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘डार्क पीक’ भागाचा नकाशा घ्यावा. त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवल्या आहेत. दऱ्यांत मोबाईल फोनचा भरवसा नसतो.

खुणा : पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट. निळा बाण असेल तर घोडेस्वार आणि सायकलीही येतात, मुलांना कडेने चालवावे.

मुलांसाठी : नकाशा त्यांच्याच हाती द्यावा. पुढचे फाटक कुठे लागेल ते त्यांना शोधू द्यावे. ‘किती राहिले’ हा प्रश्न मग कमी येतो.